इतर खर्च

क्लेअर गावाच्या थोडं वर, महामार्गालगत,
पाय मोकळे करायच्या थांब्यावर मी उभी असते.
गळ्यात ओळखपत्र, हातात पाटी,
पाटीला दोरीनं बांधलेलं पेन.
उन्हाळ्यापुरती नोकरी, तासाला चौदा डॉलर.
‘मिशिगनच्या लोकांनी यंदा मिशिगनमध्येच
कुठे सुटी घालवली, आणि किती पैसे?’
लोक ओले हात झटकत बाहेर येतात
आणि मला बघून किल्ल्या शोधू लागतात.

आवडतं ठिकाण विचारलं की इथे कोणी आधी नाव सांगत नाही.
उजवा तळवा समोर धरतात. हाच आमचा नकाशा.
डाव्या बोटानं टोचून दाखवतात: हे बघ, इथे.
करंगळीवर चेरीच्या बागा,
मधल्या बोटाच्या टोकाला पूल,
अंगठ्याच्या नखावर कुणाच्या मामाची होडी,
तीन वर्षं विकायला काढलेली.
माझं घर डिअरबर्नला, मनगटापाशी,
डॉक्टर नाडी बघतात साधारण तिथे.
अब्बांचं दुकान सातही दिवस उघडं.
आमची सुटी म्हणजे इब्बचं विमान, तेही दोनदाच,
मग लढाई लागली.
बोटांच्या टोकांपर्यंत मी कधी गेलेली नाही.

काल दुपारी एक जुनी ब्यूक आली.
डेल्मर वूर्हीस, वय अठ्ठ्याहत्तर,
फ्लिंटच्या कारखान्यातून निवृत्त.
निवास? ‘सेंट इग्नस, दोन रात्री, एकशे साठ.
पूर्वी बावीसला मिळायची तीच खोली, तोच पंखा.’
जेवण? ‘खाणवाल्यांच्या मांसाच्या करंज्या, चार.
एकदा पांढरा मासा.’
खरेदी? ‘नातवंडांसाठी फज.
अर्धा वाटेतच संपला. लिहू नकोस.’
इंधन? तो नुसता आकाशाकडे बघत राहिला.
इतर?
‘इतर काही नाही.’

गाडीची काच खाली आली.
‘खोटं बोलतोय. इतर चाळीस.’
मांडीवर वही, वहीत पै-पैचा हिशेब,
चष्मा दोरीला लटकलेला. आर्डिस, त्याची बायको.
चाळीस कशाचे?
‘उशीखाली ठेवले त्याचे.’

लग्नाआधी चार उन्हाळे
तिनं त्याच गावात खोल्या आवरल्या होत्या.
‘लोक किनारा बघायला यायचे.
मी तो त्यांच्या चादरींतून झटकायचे.
पाण्यात पाय घातला तो थेट सप्टेंबरात,
सगळे परतल्यावर. बर्फासारखं पाणी, पोरी!’
अजूनही निघताना पलंग स्वतः आवरते.
डेल्मर कुरकुरतो: भाडं भरलंय ना आपण?
‘भाडं मालकाला,’ ती म्हणाली, वहीत मान घालून.

मी विचारलं, आणि आवडतं ठिकाण?
त्यानं उजवा तळवा धरला, मग थबकला.
त्याला हवं होतं ते पुलापलीकडे,
तळव्यावर मावत नाही ते.
त्यासाठी दुसरा हात आडवा धरावा लागतो वर,
आणि डावा हात त्याला टोचायला हवा होता.
आर्डिसनं काचेतून हात बाहेर काढला,
वहीवरची नजर न उचलता,
आणि त्याच्या बोटांच्या टोकांवर आडवा धरला.
मध्ये इंचभर हवा सोडून. तेवढंच पाणी असतं तिथे.
किती वर्षांची सवय असेल ही, मी विचारलं नाही.
तिच्या सुजलेल्या पेरावर त्यानं बोट टेकलं.
‘इथे. इथे धबधबा कोसळतो, कोऱ्या चहाच्या रंगाचा.’
‘मधल्या बोटावर,’ ती म्हणाली. ‘तू दरवेळी चुकतोस.’

चाळीस मी ‘इतर’मध्ये लिहिले.
वरिष्ठ म्हणतील, बक्षिसी मोजायची नसते.

सहा वाजता एक अर्ज कोरा उरला.
नाव: अफ्राह. निवास: शून्य.
जेवण: अम्मीनं दिलेला डबा, त्यातही भात उरलाय.
इंधन: भावाला विचारून बघते.
पुलाच्या टोलचे चार डॉलर
ओळखपत्राच्या मागे घडी करून ठेवलेत.